आहेर आणू नये

इंग्लंडमध्ये टीव्ही बघायला लायसन्स लागतं. नदीकाठी गळ टाकून बसायला लागतं. पबच्या दारात उभं राहून दारुड्यांना हाकलायचं असेल तरी लागतं. पण एखाद्याच्या हातात कोर्टाचा कागद ठेवून त्याचं आयुष्य उलटंपालटं करायचं असेल, तर काहीही लागत नाही. पाय लागतात. तेवढ्या भांडवलावर मी प्रोसेस सर्व्हर झालो.

त्याआधी मी ब्रॅकनेलला एका कंपनीत टेस्टर होतो. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळायचा. पुढे कंपनीनं ते काम पुण्याला पाठवलं आणि मला घरी. माझ्या सासऱ्यांना अजून वाटतं की मी आयटीतच आहे. प्रोसेस आणि सर्व्हर, दोन्ही शब्द त्यांच्या ओळखीचे.

मेहुणा अपूर्व टेक्ससला असतो. त्यानं लगेच शोधून काढलं की त्यांच्या राज्यात या कामाला कोर्स करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं, ॲरिझोनात परीक्षा असते, नेवाडात लायसन्स. काही राज्यांत मात्र कुणीही उठावं आणि कागद वाटावेत. मग विचारलं, तुमच्याकडे काय लागतं, जिजू? इकडे सगळं वेगळं असतं, असं मी ठोकून दिलं. फोन ठेवला आणि लाज वाटली म्हणून घरीच एक कार्ड बनवलं. फोटो, नाव, खाली मोठ्या अक्षरात हुद्दा. लॅमिनेट करून निळ्या पट्टीनं गळ्यात अडकवलं. माझी बायको सुचेता बघून म्हणाली, "छान. आता हरवलास तर लोक घरी आणून सोडतील."

मला कामं देते मायरा. लंडनच्या क्रॉयडन भागातली सॉलिसिटर, आमच्या मित्राची मुलगी, इथेच जन्मलेली. कायदा पक्का, मराठी कच्चं. मार्चमध्ये तिनं बोलावून ऋजुताचं काम दिलं.

ऋजुताला मी ओळखत होतो. तिचा नवरा सुयश आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. ती मुलीला, छोट्या साराला घेऊन क्रॉयडनला वेगळी राहायला गेली होती. हा तिच्या खिडकीखाली येऊन उभा राहायचा. एकदा वर जाऊन त्यानं धक्के मारून दार कुलपासकट तोडलं. मंडळात हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे म्हणायचे, त्या दोघांचं आपसातलं आहे. दार आपसात कसं तुटतं ते मला कळलं नाही, पण मीही काही बोललो नव्हतो. ज्याच्या हातात गणपतीच्या जेवणाचे पास असतात त्याच्याशी आपला समाज वाकडं घेत नाही, आणि समाजात मी येतो.

आता कोर्टानं नॉन-मोलेस्टेशन ऑर्डर दिली होती की त्यानं तिच्या आसपास फिरकायचं नाही, फिरकला तर अटक.

"पण काका, ऑर्डर त्याच्या हातात गेला पाहिजे," मायरा म्हणाली. "अँड टेल हिम व्हॉट इट इज. तोंडानी सांगायचा. त्याला माहितीच नाही तर पोलीस त्याला या ऑर्डरवर अरेस्ट नाही करू शकत."

तोवर ऋजुता साराला घेऊन एका मैत्रिणीकडे राहणार होती. कागद पोहोचला की आपल्या घरी परतणार.

सुयश हुशार. दाराला कॅमेरावाली बेल, काम घरून. मी गळ्यात कार्ड घालून तीनदा बेल वाजवली आणि त्यानं तीनदा मला आतून निवांत बघितलं असणार. चौथ्यांदा जायच्या आधी मंडळाच्या ग्रुपवर त्याचंच आमंत्रण आलं. त्याच्या आईची, सुप्रभाताईंची पंचाहत्तरी, शनिवारी दुपारी, ईलिंगच्या हॉलमध्ये, सहकुटुंब यावे. खाली ठळक अक्षरांत: कृपया आहेर आणू नये.

चार पाहुण्यांसमोर तो मला दारातून हाकलणार नव्हता. मला वाटलं, माझ्यासारखा डोकेबाज मीच. कोर्टाचा खाकी लिफाफा बघून तो सावध होईल, म्हणून साउथॉलच्या देशी बाजारातून एक पाकीट आणलं. लाल, वर सोनेरी गणपती, कोपऱ्यात एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. त्यात ऑर्डर घडी करून कोंबली. पाकीट फुगून टम्म झालं. कार्ड घरी ठेवलं, कोट चढवला आणि निघालो. सुचेतानं येणार नाही म्हणून सांगितलं. असल्या कामाला सहकुटुंब जात नाहीत, म्हणाली.

हॉलच्या दारात सुयश झब्बा घालून उभा होता. शेजारी सुप्रभाताई पैठणीत, खुर्चीवर. मी पाकीट पुढे केलं. आता तोंडानं सांगायचं होतं. तेवढ्यात सुप्रभाताई माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि माझी जीभ टाळूला चिकटली.

"अहो, लिहिलं होतं ना," सुयश हात जोडून म्हणाला. त्या पाकिटाची जाडी बघून तो अगदी विरघळला होता.

"असू दे, असू दे," मी म्हणालो.

नॉन-मोलेस्टेशन ऑर्डर बजावताना असू दे म्हणणारा इंग्लंडच्या इतिहासातला मी पहिलाच असेन. पुढे जे झालं ते प्रत्येक मराठी घरात होतं. मी देतोय, तो ढकलतोय. मी त्याचा हात धरतोय, तो माझा. शेवटी मी जोर लावून पाकीट त्याच्या झब्ब्याच्या खिशात खुपसलं आणि जिंकलो. त्यानं हार मानून मला मिठी मारली. चांगली घट्ट.

तोंडानं सांगायचं राहिलं होतं, ते मी जेवणानंतरवर ढकललं. जेवण छान होतं. मसालेभात, आळूवडी, श्रीखंड. जेवल्यावर सांगणं मला बरं दिसेना. आत कागद आहे, तो शिकलेला आहे, वाचेल की! बाहेर येऊन मायराला फोन केला आणि दिलं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, ग्रेट काका, मी ऋजुताला सांगते.

दोन गाड्या बदलून ईस्ट क्रॉयडनला उतरलो. घरच्या ट्रामकडे जाताना रुमालासाठी कोटाच्या बाहेरच्या खिशात हात घातला, तर बोटांना नाणं लागलं.

मिठी. आपले लोक आहेर परत करताना मिठी मारतात आणि मिठीत पाकीट परत खिशात सरकवतात. माझ्या मावशीनं हे आयुष्यभर केलं, आईनं केलं, मी स्वतः केलंय. आणि मी फलाटावर सोनेरी गणपती हातात धरून उभा.

मायराला फोन लावला. तिनं विचारलं, "तू त्याला सांगितला का, काय आहे ते?"

आमचं सांगणं राहिलं होतं. ते का राहिलं, हे मी श्रीखंडाचं नाव न घेता समजावायचा प्रयत्न केला.

"काका, ती घरी गेली. सारा पण," मायरा म्हणाली. ऋजुताला परत बाहेर पडायला सांगते, फोन उचलत नाहीये, मी स्वतः तिकडे जाते, तू ईलिंगला जा, एवढं एका दमात सांगून तिनं फोन ठेवला.

परतीच्या गाडीत मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे छापता येणार नाहीत. एका बाईचं घर, तिची पोर, आणि मध्ये माझ्यासारखा भिडस्त. पंगतीत वाईट दिसू नये म्हणून मी तिला त्याच्या तोंडी दिलं होतं. मंडळ तरी वेगळं काय करत होतं?

हॉलमध्ये आवराआवर चालली होती. दोन स्वयंसेवक खुर्च्या रचत होते. सुयश फुलं गोळा करत होता आणि सुप्रभाताई अजून खुर्चीवरच होत्या. मला बघून त्यानं विचारलं, काही विसरलं का.

"हो," मी म्हणालो. लाल पाकीट पुढे केलं. "सुयश, हा आहेर नाही. ही कोर्टाची ऑर्डर आहे. ऋजुताच्या आणि साराच्या घराजवळ तुम्ही जायचं नाही. गेलात तर पोलीस उचलतील."

खुर्च्यांचा आवाज थांबला. सुयशनं हात मागे घेतले. "अहो, आज आईचा दिवस आहे," तो हळू म्हणाला. "बाहेर बोलू."

बाहेर बोलायला मी मनातून एका पायावर तयार होतो. पण पाकीट त्याच्या समोरच्या टेबलावर, हारांच्या ढिगाशेजारी ठेवलं आणि म्हणालो, "इथेच ठेवतोय. ही ऑर्डर आहे. तुम्हाला सांगितलंय."

सुप्रभाताईंनी मला वर बघून विचारलं, "तुम्ही मघाशी आमच्याकडे जेवून गेलात ना?"

"हो."

"आणि हे आणलंत?"

"हे आधीच आणलं होतं, ताई. सांगायच्या आधी जेवलो, ती माझी चूक."

त्यांनी मान फिरवली. सुयशनं पाकीट उचललं नाही, पण त्याच्याकडे बघितलं. समोरचा घेत नसेल तर तोंडानं सांगून पुढ्यात ठेवलं की कायद्याला पुरतं. मी दारापर्यंत पोहोचेस्तोवर मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं होतं. सेक्रेटरीचा हात अशा कामात चपळ.

क्रॉयडनला मी थेट ऋजुताच्या फ्लॅटवर गेलो. मायरा पोहोचली होती; ऋजुता पुन्हा घर सोडायला तयार नव्हती, म्हणून ती जिन्यातच थांबून फोनवर पोलिसांना ऑर्डर बजावल्याची मी कळवलेली तारीख-वेळ सांगत होती. ऋजुतानं साखळी लावूनच दार किलकिलं केलं.

"त्याला कळलं?"

"त्याला कळलं, त्याच्या आईला कळलं, खुर्च्या रचणाऱ्यांनाही कळलं."

"मायरानं दुपारीच सांगितलं होतं की कळलं म्हणून."

तेव्हा नव्हतं कळलं, मी म्हणालो, आणि का ते सांगितलं. या वेळी श्रीखंडासकट. आतून साराच्या कार्टूनचा आवाज येत होता.

"म्हणजे दुपारपासून आम्ही दोघी अशाच बसलो होतो इथे," ती म्हणाली.

"हो."

तिनं दार लावलं. आतून एक कडी लागली, मग दुसरी, मग नव्या कुलपाची किल्ली फिरली.

"काका," ती आतून म्हणाली, "बाहेरून जोरात धक्का मारा बरं."

मी खांदा लावला आणि होता नव्हता तेवढा जोर काढला. दार हललं नाही.

"अजून एकदा," ती म्हणाली.