मुठीवरचा अंगठा

वस्तुसंग्रहालयात काचेआडच्या प्रत्येक वस्तूखालची ओळ चिठ्ठीमास्तरांनी लिहिलेली. शब्दांच्या बाबतीत गृहस्थ भलताच काटेकोर. एका सुताराची म्हातारी बायको आली त्या दुपारी, तिनेच दिलेल्या रंध्याची चिठ्ठी त्यांच्या टेबलावर सुकत होती: ‘लाकडी रंध्याचे अवशेष’.

आजींनी वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. अवशेष म्हणजे उरलंसुरलंच ना, असं त्यांनी विचारलं.

मास्तर खुलले. शब्दाचं मूळ विचारणारं माणूस त्यांना वर्षातून एखादं भेटे, आणि भेटलं की सुटत नसे. रंध्याचं पातं हरवलेलं, नुसतं लाकूड राहिलेलं, म्हणून तो शब्द. संस्कृतात ‘शिष्’ म्हणजे मागे उरणे. भागाकारातला शेषही त्यातलाच. बाकी सगळं गेल्यावर जे मागे राहतं, ते अवशेष. यात कमीपणा कसला?

 आजी म्हणाल्या, “मग ते लाकूड नव्हे, मास्तर. मुठीवर ह्यांच्या हाताचा काळा डाग आहे, चाळीस वर्षांच्या घामाचा. ह्यांचं राहिलंय ते तेवढंच. तोच बघायला आलेय.”

मास्तर ताडकन खुर्चीतून उठले. आलेल्या वस्तूचा तपासणी-कागद तेच भरत, आणि सफाईच्या बाई त्या कागदाबाहेर एक बोटही फिरवत नसत. मुठीसमोर मास्तरांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘मळ’. रंधा सकाळीच खाली सफाईला गेला होता.

गुडघ्यांची पर्वा न करता ते जिना उतरले. बाईंच्या हातात ओला कापूस होता. चार बोटांचे डाग पुसून झाले होते. अंगठ्याचा तेवढा बाकी होता.

रंधा घेऊन वर येताना थाप मारायचं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण आजींचं तोंड पाहिलं आणि जमलं नाही.

“चूक माझी, आजी. मी त्याला मळ म्हटलं.”

आजींनी मूठ निरखली. डोळे भरून आले त्यांचे. “अंगठा आहे ना,” त्या म्हणाल्या.

वस्तूला हात लावायला सक्त मनाई. भिंतीवरची ती पाटीही मास्तरांच्याच अक्षरातली. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आजींनी आपला अंगठा त्या डागावर टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही.

त्या गेल्यावर मास्तरांनी जुनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली: ‘अवशेष: सुताराच्या अंगठ्याची खूण. सोबत रंधा.’