सपाट सुळा

माझा मुलगा आणि सून दात बनवतात. घराच्या खालच्या मोठ्या खोलीत त्यांचं काम चालतं. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेतात, त्यावरून प्लॅस्टरचा साचा करतात आणि तो डब्यात घालून आमच्याकडे पाठवतात. मग त्या साच्यावर ही दोघं कवळी, दातांच्या टोप्या, जे हवं ते घडवतात. मी ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून साचे पुसून फळीवर मांडायचं काम माझ्याकडे आहे. ते काम मला येतं म्हणून दिलंय, की मी नुसता वर बसून राहू नये म्हणून, हे मी कधी विचारलेलं नाही.

डब्यावर नाव नसतं, फक्त क्रमांक. त्यातून या खोलीत एक खेळ सुरू झाला. नवा साचा आला की कामाला हात लावण्याआधी प्रत्येकानं सांगायचं, हे दात कुणाचे. पुढच्या दाताला बारीक खाच असली तर शिंपी, दातानं दोरा तोडणारा. एकाच बाजूच्या दाढा झिजल्या असल्या तर दुसरी बाजू दुखते आणि डॉक्टरकडे जायची हिंमत होत नाही. खरं-खोटं कळायची सोय नव्हती, त्यामुळे कुणी हरत नसे. सूनबाई या खेळात पटाईत. एकदा एका बत्तिशीकडे बघून म्हणाली, "हा घोरतो आणि सकाळी बायकोला म्हणतो, काय घोरतेस गं."

अलीकडे हा खेळ बंद पडला होता. एका मोठ्या इस्पितळानं आपलं सगळं काम आमच्याकडे द्यायची तयारी दाखवली होती आणि सोमवारी होकार कळवायचा होता. म्हणजे कामं दुप्पट, माणसं तेवढीच. मुलाच्या नाकावर सतत राग असे. सूनबाई मात्र हसतमुख. "हो, जमेल", "हो, करू", याशिवाय तिच्या तोंडून काही ऐकू येत नव्हतं.

मला मुलाची काळजी वाटू लागली. सवयीप्रमाणे मी मनाच्या आरोग्यावरची दोन-तीन पुस्तकं आणून वाचली. त्यातून एवढं कळलं की ज्याची काळजी वाटते त्याला सरळ विचारावं. धीर गोळा करून विचारलं.

"बाबा, मला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "फक्त डोक्याशी उभे राहू नका."

सूनबाई हसली. "बाबा, त्याचं सोडा. तो कुकरसारखा आहे. शिट्ट्या देतो म्हणून तर फुटत नाही."

मला ते पटलं. शिट्टी न देणाऱ्याचं काय, असा प्रश्न तेव्हा सुचायला हवा होता.

त्याच आठवड्यात, सूनबाई बाजारात गेलेली असताना, एक डबा आला. मुलानं उघडला, साचा माझ्यापुढे ठेवला आणि कामाला लागला. झोपेत दात खाणाऱ्या माणसासाठी दातांवर चढवायचं पारदर्शक कवच बनवायचं होतं. साचा पुसताना माझा हात थांबला. सुळ्याला टोकच नव्हतं. कानशीनं घासावं तसा तो सपाट झाला होता, दाढांचे उंचवटेही गेले होते. इतक्या जोरानं हा माणूस रोज काय चावत असेल? त्याच्या शेजारी झोपणाऱ्याला काहीच ऐकू येत नसेल?

हल्लीचा त्याचा राग आठवून पहिला संशय मुलावर आला. दुपारी जेवताना मी त्याच्या तोंडात डोकावून पाहिलं.

"बाबा, माझ्या दातात काही अडकलंय का?"

"नाही, नाही. नीट चावून खा."

त्याचे सुळे चांगले टोकदार होते. माझा स्वतःचा प्रश्नच नव्हता. माझी कवळी सूनबाईनंच केलेली, आणि रात्री ती पाण्यात झोपते.

संध्याकाळी तो साचा मी मुद्दाम टेबलाच्या मधोमध ठेवला. "एकदा खेळूया का? मला हा माणूस कोण आहे ते कळल्याशिवाय चैन पडायचं नाही."

मुलानं कपाळाला आठ्या घातल्या, पण साचा उचलला. हातात दात आले की त्याला राहवत नाही. दिव्याखाली फिरवत तो म्हणाला, "हा दिवसा फार गोड बोलत असणार. दिवसा कुणाला चावला असता, तर रात्री स्वतःलाच चावायची वेळ आली नसती."

पलीकडे सूनबाई टोपीला चकाकी देत होती. तिचं यंत्र थांबलं.

"पुरुषच कशावरून?" तिनं विचारलं.

"जोर बघ ना केवढा आहे."

"असेल," ती म्हणाली आणि हसली. हसता हसता तिचा हात कानाखाली जबड्यावर गेला आणि तिथं थोडा वेळ दाबून राहिला.

मी तिच्याकडे बघत होतो. मला उगाच वाटतंय का, असं स्वतःला विचारून पाहिलं. मग खात्री करायला वरच्या फळीकडे गेलो. तिथं एक जुना साचा आहे. ही दोघं शिकत असताना एकमेकांच्या तोंडाचे ठसे घेऊन सराव करायची, त्यातला हा सूनबाईचा. मुलानं हौसेनं जपून ठेवलेला. खालच्या रांगेतला एक दात किंचित वळलेला, गर्दीत तिरकं उभं राहिल्यासारखा. नव्या साच्यातही तो दात तसाच तिरका होता.

हे सांगायचं कसं? कुणाच्या घरातलं गुपित, आणि घर तर आपलंच. शेवटी जुना साचा पुसल्यासारखं केलं आणि मुलासमोर नव्याच्या शेजारी ठेवला.

त्यानं दोन्हींकडे पाहिलं. जुन्या साच्यातली वरची रांग उचलून नव्याच्या खालच्या रांगेवर बसवली. बसली, पण सुळ्यापाशी फट राहिली. जे घासून गेलं होतं, तेवढी फट. अख्ख्या गावाची बत्तिशी ओळखणारा माझा मुलगा त्या फटीकडे बघत राहिला.

"हे कधीपासून?" त्यानं विचारलं.

"तो डबा मीच उघडणार होते," ती म्हणाली. "दातांच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं, काही बोलू नका म्हणून."

"तू तर म्हणालीस, डोकं उन्हानं दुखतं."

"मग काय सांगणार होते? तू आधीच इतका तापलेला."

"इस्पितळाच्या कामाचं मी तुला विचारलं होतं. चालेल ना, असं."

"चालेल ना म्हणत होतास आणि नव्या टेबलासाठी जागा मोजत होतास."

मी हळूच दाराकडे सरकलो.

"बाबा, बसा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "काडी तुम्हीच लावलीत, आता पळता कुठे?"

मी बसलो. मुलानं दोन्ही साचे बाजूला सारले. मग म्हणाला, "नाही कळवतो त्यांना."

"नाही नको. हे काम मलाही हवंय रे. पण अर्धंच. आणि मदतीला माणूस घेतल्यावर." तिनं नवा साचा आपल्याकडे ओढला. "डॉक्टरीणबाईंनी एका समुपदेशक बाईंचं नाव दिलंय. म्हणाल्या, कवचानं दात वाचतील, पण तू चावतेस काय ते त्यांच्याशी बोल. एकटीनं जायला कसंतरीच वाटतं."

"मी येतो."

"तू बाहेर बसायचंस."

"बाहेर बसेन."

ती तिथं काय बोलते, मला माहीत नाही. फार कुतूहल आहे, पण विचारलेलं नाही. तिनं सांगितलं तर ऐकेन. इस्पितळाला अर्ध्या कामाचा निरोप गेला आणि त्यांनी तो मान्यही केला, जरा कुरकुरत.

कवच मुलानं स्वतः केलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर डब्यात घालून पाठवलं असतं. हे त्यानं तिला खिडकीपाशी बसवून घालून पाहिलं.

"टोचतंय का कुठे?"

"नाही, ठीक आहे," ती लगेच म्हणाली.

तो कानस हातात धरून तसाच उभा राहिला. तिनं जबडा इकडे-तिकडे हलवला, खिडकीबाहेर पाहिलं आणि कवच काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"टोचतंय," ती म्हणाली. "डावीकडे."

मुलानं खुर्ची दिव्याजवळ ओढली आणि डावी बाजू घासायला घेतली.