केसरबाईचा नंबर

दुष्काळ पडला की विठ्ठलरावांच्या शब्दाला सोन्याचा भाव यायचा. ते साखर कारखान्याचे संचालक. उभा ऊस वाळत असताना तोडणीची टोळी आधी कुणाच्या फडात जायची, हे त्यांच्या एका फोनवर ठरे. नंबर पुढं सरकवणं म्हणजे त्यांच्या लेखी माणुसकीच. आणि आता तलवाड्याच्या त्यांच्या घरात, बायकोच्या, केसरबाईच्या मेंदूत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते.

लेक शिवकन्या पुण्याच्या प्रयोगशाळेत नेमकं अशाच गाठींवरच्या औषधाचं काम करायची, पण उंदरांवर. रक्तातून दिलेलं औषध मेंदूत पुरतं पोचत नाही. म्हणून उंदराच्या कवटीला बारीक भोक पाडून केसाएवढ्या नळीनं ती औषध थेट गाठीत सोडायची, थेंब थेंब.

"म्हंजे ठिबकच की!" फोनवर तिनं हे सांगताच विठ्ठलराव ताठ बसले. "पाटानं पानी सोडलं तर निम्मं वाटंतच जिरतं. जगले का उंदरं?"

"विसातले सात. बाकीचे मेले, आप्पा. मानसाला द्यायला अजून लई वर्षं हायेत."

त्यांनी फक्त सात ऐकले. दुसऱ्याच दिवशी चेअरमनचं शिफारसपत्र खिशात घालून, कडक इस्त्रीची टोपी चढवून ते पुण्यात हजर. शिवकन्येच्या मोठ्या मॅडम भल्या निघाल्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चहा मागवला.

"काका, काकूंचा नंबर पुढं घ्यायला आधी यादी तर हवी. हे औषध अजून एकाही माणसाला दिलेलं नाही."

हुज्जत घालायला, पाया पडायला, वरून फोन आणायला समोर कुणीतरी अडवणारं लागतं. इथं विठ्ठलरावांना कुणी अडवतच नव्हतं. काचेपलीकडे डोक्याला टाके घातलेला एक पांढरा उंदीर दाणे खात होता. त्यांना त्याचा हेवा वाटला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

शिवकन्या फाटकापर्यंत आली. "आप्पा, माझ्या हातात असतं तर..."

घरी केसरबाई उशीला टेकून वाट बघत होती. "झालं का काम? कितवा नंबर लागला?"

"पहिला," विठ्ठलराव बोलून गेले.

ती हसली नाही. नवऱ्याला ती चांगली ओळखून होती. "आवो, पहिला कावून? कुनाच्या बाईला मागं ढकललं तुमी?"

"न्हाई गं. कुनालाच न्हाई. आपल्या म्होरं कुनी नव्हतंच."

केसरबाईचा जीव भांड्यात पडला, आणि विठ्ठलरावांना तिच्याकडे बघवेना.