विहीणबाईंनी घेतलेलं माप

माझी आई शिवणकाम करते आणि माझ्या सासूबाई इस्पितळाच्या रक्तपेढीत कामाला आहेत. दोघींच्याही हातात सुई, त्यामुळे लग्न ठरलं तेव्हाच मला जरा धास्ती वाटली होती. आठ वर्षांत भांडण एकही झालं नाही, पण एकमेकींना टोचल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही.

मागच्या वर्षी वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढताना आई स्टुलावरून पडली आणि डाव्या नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर झालं, ते काढून पट्ट्यांचा आधार दिला, सहा महिने उलटले, तरी एक्स-रेमध्ये फट जशीच्या तशी. डॉक्टर म्हणाले, आता आत धातूची पट्टी बसवू, कमरेचं थोडं हाड घेऊन फटीत भरू, आणि त्यात आईच्याच रक्तातल्या प्लेटलेट गोळा करून मिसळू.

"जखम झाली की शरीर त्यांनाच पुढे पाठवतं. आपण जास्तीची कुमक देऊ. गुण येईलच अशी हमी नाही, पण करून बघण्यासारखं आहे."

आईला सगळं पटलं. मग कळलं, की रक्त काढून यंत्रात फिरवणार आहेत सासूबाई.

"मी शिवलेल्या ब्लाउजची बाही घट्ट झाली म्हणून चार वर्षं ऐकवतायत," आई पुटपुटली. "आता उट्टं काढतील."

ठरल्या दिवशी सासूबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "या विहीणबाई, बसा. आज माप मी घेणार."

फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, "गेल्या आठवड्यात दुखण्यावरच्या गोळ्या घेतल्या?"

"छे," आई म्हणाली, जरा जास्तच पटकन.

सासूबाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला चहा आणायला पिटाळलं. मी परत आले तर म्हणाल्या, "यंत्र बिघडलंय. दहा दिवसांनी या."

खरा बिघाड कुठे होता, ते आईने मला पुष्कळ नंतर, पाय बरा झाल्यावर सांगितलं. ती पडल्यापासून मी तिच्याकडेच राहत होते; मी कामावर गेले, की ती रोज शिलाई मशीनवर बसत होती. शाळेचे चाळीस गणवेश द्यायचे कबूल केले होते. पाय ठणकला की गोळी, गोळी घेतली की पुन्हा पायडल.

"पोरीला सांगू नका," मी चहा आणायला गेले तेव्हा तिने सासूबाईंना विनवलं होतं.

"पोरीला नाही सांगत. डॉक्टरांना मात्र सांगणार. या गोळ्यांनी प्लेटलेट पेंगतात. आणि ते हाड बिचारं रोज टाका घालतंय नि तुम्ही रोज उसवताय."

त्याच संध्याकाळी सासूबाई आमच्याकडे आल्या, मशीनचा पट्टा काढून पर्समध्ये टाकला आणि आईच्या पलंगाशी बसून राहिलेल्या गणवेशांना बटणं लावायला लागल्या. दोघींना अचानक प्रेमाचं भरतं आलंय, असं मला वाटलं.

"सरळ टाका घाला," आई उशीवरून म्हणाली. "शीर शोधताय का?"

दहा दिवसांनी यंत्र आपोआप दुरुस्त झालं. रक्त काढताना आईने तोंड फिरवलं, पण नळी यंत्रातून बाहेर आली तेव्हा मान उंचावून बघितलं. खाली लाल, वर पिवळसर थर.

"एवढं घेतलंत आणि कामाचं एवढंसंच?"

"कापड किती नेता आणि ब्लाउज केवढा देता, हे मी विचारते का?"

"विचारता. दरवेळी."

शस्त्रक्रिया झाली. या खेपेला आई खरोखर पडून राहिली, कारण सासूबाई वेळीअवेळी टपकत. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. फट भरली होती. आई बराच वेळ त्याकडे बघत राहिली, एखादी चांगली जमलेली शिलाई बघावी तशी.

"कशाने जुळलं?" तिने विचारलं.

"पट्टीने, हाडाने, प्लेटलेटनी की विश्रांतीने, ते वेगवेगळं काढून सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"यंत्र माझं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"रक्त माझं होतं," आई म्हणाली.

बाहेर पडताना जिना उतरायचा होता. सासूबाईंनी हात पुढे केला. आईने एकदा पायऱ्यांकडे, एकदा त्या हाताकडे बघितलं आणि तो धरला.

"इतका घट्ट नको. मी काही पळून जात नाहीये."

"पळालात तर बरंच. वर जाऊन डॉक्टरांना सांगता येईल."

दोघी एकेक पायरी उतरत गेल्या. फाईल घेऊन मी मागे राहिले, कारण शेजारून जायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती.