चांदवडचा मेक्सिको

ओझरच्या वाटेवर पंपांचा एक कारखाना होता. तिथं चांदवडचा पुंजाराम सहा वर्षं टेंपररी. एक्याऐंशी साली मोठ्या साहेबांना बेसबॉलचं वेड लागलं. कारखान्यांच्या स्पर्धेची फायनल जिंकली तर टीममधले टेंपररी कायम, असं त्यांनी गेटवर जाहीर केलं.

क्रेन चालवणारे शौकतभाई कोच झाले. त्यांच्याकडं पेपरातून कापलेला मेक्सिकोच्या एका पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, फोटो होता. डावखुरा, पोट सुटलेला. त्यांनी फोटो पाहिला, पुंजाराम पाहिला.

"चल, मेक्सिको. चेंडू घे."

पुंजारामचा हात बाजरीत तयार झालेला. दुधावर आलेल्या कणसांवर पाखरं उतरायची. हा माळ्यावर उभा, हातात गोफण. पण त्याच्या आईची शिकवण अशी, की आधी हाळी द्यायची, मग दगड सोडायचा. जिवाला उडायला सवड पाहिजे. म्हणून मैदानावरही चेंडूआधी त्याच्या तोंडून निघायचं, "हाऽऽर्र!"

समोरचा गडी दचकायचा. तीन मॅच तशाच जिंकल्या.

फायनलला अंपायर म्हणाले, "पिचरनं ओरडायचं नाही."

पुंजारामनं तोंड मिटलं आणि हात आखडला. शेवटचा गडी उभा, आपली टीम एका रननं पुढं. पुंजारामचे तीन चेंडू लांबून गेले. चौथा गेला की गडी फुकट पुढं सरकणार.

"मेक्सिको, काय झालं रे?"

"शौकतभाई, न सांगता कसं मारू त्याला?"

लिंबाखाली त्याची बायको मैना बसली होती. लग्नाआधी शेजारच्या शेतातल्या माळ्यावर तीच उभी असायची. तिनं नवऱ्याचे मिटलेले ओठ पाहिले. उठली, पदर खोचला.

"हाऽऽर्र!"

चेंडू सरळ गेला. गडी हलला नाही. असे तीन गेले की तो बाद.

"बाई, गप बसा!" अंपायर ओरडले.

"का वं? मी तुमच्या टीममधी हाय का?"

अंपायरांनी नियमांचं पुस्तक चाळलं. बायकोबद्दल त्यात काही नव्हतं. मैनेनं आणखी दोन हाळ्या दिल्या, पुंजारामनं दोन चेंडू टाकले, मॅच संपली.

महिन्याभरात पुंजाराम कायम झाला. पुढच्या वर्षी साहेबांना बॅडमिंटनचं वेड लागलं आणि त्याची कारकीर्द आटोपली.

मैनेचा घसा मात्र त्या दिवशी बसला, तो चार दिवस बसलेलाच. पुंजाराम रोज गुळाचा काढा करून द्यायचा. पाचव्या दिवशी आवाज फुटला.

"लय गोड करता," ती म्हणाली.