पडद्यावर मेलेले जंतू

कागल रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. तेजनाथ महाराजांनी एका म्हाताऱ्याची थुंकी काचपट्टीवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, आणि भिंतीवरच्या पडद्यावर जंतू वळवळू लागले. "ह्यो तुझा रोग. आता दिव्य तेज सोडतो," असं म्हणत महाराजांनी निळा प्रकाश प्रखर केला आणि मंत्र सुरू केला. दहा मिनिटांत जंतू मंदावले, मग थबकले. लोकांनी हात जोडले.

माझा थोरला भाऊ आकाराम चार महिन्यांपूर्वी याच गर्दीत बसला होता. तो फाउंड्रीत कामाला. टीबीच्या गोळ्या चालू होत्या, वजन वाढत होतं. पडद्यावर आपले जंतू मेलेले पाहून त्यानं गोळ्या सोडल्या. मी आजऱ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मला कुणी कळवलं नाही. दिवाळीला घरी आले तेव्हा जिना चढताना तो दोनदा खाली बसला.

"मेल्यात की जंतू, स्वप्नाली. ह्या डोळ्यांनी बघितलं," तो म्हणाला.

मी त्याला लगेच सरकारी दवाखान्यात नेलं. गोळ्या मध्येच सोडल्यानं जंतू औषधांना निर्ढावले होते. नवी, जहाल औषधं सुरू झाली. पण त्याचं मन महाराजांपाशीच होतं. पहिल्याच आठवड्यात औषधाच्या दोन वेळा त्यानं चुकवल्या. म्हणून त्या दिवशी मी त्याला आणि शालूवहिनीला घेऊन त्या मंगल कार्यालयात आले होते. तो मास्क लावून बाहेर, उघड्या दाराशी बसला. पडदा तिथून दिसत होता.

एम.एस्सी.ला असताना माझ्या जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या मरायच्या. नीट दिसावं म्हणून मी दिवा प्रखर ठेवत होते, आणि तो प्रकाशच त्यांना मारत होता. हे समजायला मला दीड महिना लागला होता.

मी पुढं जाऊन माझी थुंकी दिली. पडद्यावर जंतू पोहू लागले. मला पोटाचा जुना रोग आहे, असं महाराजांनी सांगून टाकलं. मी लोकांना सांगितलं की मला कुठलाही रोग नाही. असे जंतू प्रत्येकाच्या तोंडात असतात, आणि टीबीचे जंतू तर पोहतच नाहीत. मग महाराजांना विनंती केली, मंत्र म्हणा, फक्त प्रकाश मंद ठेवा. ते भडकले. तेजाविना मंत्र म्हणजे वातीविना समई, असं काहीबाही बोलू लागले.

तेव्हा शालूवहिनी उठली. "म्हणा की महाराज. माझ्या नवऱ्यानं तुमच्यापायी गोळ्या सोडल्यात."

सगळी गर्दी महाराजांकडे बघू लागली. त्यांना मंद प्रकाशात मंत्र म्हणावाच लागला. वीस मिनिटांत त्यांचा घसा बसला. जंतू मजेत पोहत राहिले. मग मी तोंडातून अवाक्षर न काढता प्रकाश वाढवला. थोड्याच वेळात ते थांबले. काचपट्टी केसभर बाजूला सरकवली, तर शेजारचे जंतू जिवंत होते. प्रखर प्रकाशानं पेशीच्या आत घातक रसायनं तयार होतात आणि ती तिला मारतात. पण प्रकाश पडतो तेवढ्याच ठिपक्यात. महाराजांचा सगळा चमत्कार एवढाच होता.

दाराशी बसलेल्या दादानं मास्क सावरला. "म्हंजे माझ्या छातीत उजेड पोचलाच न्हाई?"

"नाही, दादा."

त्यानंतर त्यानं एकही गोळी चुकवली नाही. पण एक फुप्फुस पार गेलं होतं, दुसरंही फार दिवस पुरलं नाही. माघात तो गेला.

लोक मला विचारतात, डोळ्यांनी दिसलं ते खोटं कसं? दिसलं ते खरंच होतं. जंतू मेले होते. ते कशानं मेले, एवढं मात्र कुणी विचारलं नाही. ते विचारायला शिकलंच पाहिजे, भले समोर कुणीही बसलेला असो.

शालूवहिनी आता टीबीच्या नव्या रुग्णांच्या घरी जाते. डॉक्टर बंद म्हणेपर्यंत गोळी सोडू नका, एवढंच सांगते. रडायचं ते घरी येऊन रडते.