कूलर बंद असलेलं घर

शेवंताबाईंच्या डोक्यात कोणीतरी वरवंटा घातला तेव्हा मी त्यांच्या घरापासून चाळीस पावलांवर होतो आणि जागा होतो. मला काहीच ऐकू आलं नाही. एका गल्लीत अकरा कूलर चालू असले की माणसाची किंकाळी दोन भिंतींपलीकडे जात नाही.

पिंप्राळ्यातली आमची वसाहत जुनी. मी चौथीत असताना घरांना कुंपणं नव्हती; मागच्या बोळातून कोणीही कोणाच्याही स्वयंपाकघरात शिरायचं. १९८९ पर्यंत निम्म्या घरांत भाडेकरू आले होते आणि भिंतींवर काचा बसल्या होत्या. त्या मे महिन्यात पाच चोऱ्या झाल्या. पाचव्या चोरीत शेवंताबाई गेल्या.

मी नुकताच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि घरी बसून होतो. मी तक्ता केला. पाचही चोऱ्या दुपारी दीड ते साडेतीनच्या आत. पाचही घरांत कूलर चालू. पाचही वेळा माणूस मागच्या बोळातून आलेला. सोसायटीचे सेक्रेटरी लीलाधरभाऊ तक्ता बघून म्हणाले, "पोलिसांना महिनाभर जमलं नाही ते पोरानं एका कागदावर केलं." त्यांनी तो मारुतीच्या पारावरच्या फळ्यावर लावला आणि खाली लाल शाईनं लिहिलं: या वेळेत बोळात अनोळखी माणूस दिसल्यास विजेचा खांब दगडानं वाजवावा. प्रत्येक घरातून एका पुरुषानं काठी घेऊन यावं.

लोखंडी खांबाचा आवाज कूलर चालू असतानाही ऐकू येतो, हे मी आधी तपासून घेतलं होतं.

सत्तार नऊ उन्हाळे आमच्याकडे येत होता. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंपाचा गाळ काढायचा, हे त्याचं काम. त्या दुपारी आईनं त्याला मागच्या दारानं घेतलं. मी पुढच्या खोलीत झोपलो होतो, म्हणून तिनं मला उठवलं नाही. सत्तारनं कूलर बंद केला, तीन ताट्या काढल्या, दोन नव्या बसवल्या. तिसरी भिजवायला पाणी पुरलं नाही, म्हणून तो ती घेऊन बोळातून शेजारच्या घरामागच्या हौदावर गेला. नऊ वर्षं तो तसाच जात होता. या वर्षी त्या घरात सुनंदाबाई नावाच्या नव्या भाडेकरू होत्या. बाहेर पंचेचाळीस अंश होतं. उन्हाच्या झळांमुळे सत्तारनं तोंडाला पंचा गुंडाळला होता. आमच्याकडे त्या दिवसांत सगळेच गुंडाळतात. खिशातून पेचकस बाहेर आला होता.

मी घामानं जागा झालो. कूलर बंद होता. लाइट गेली असेल, असं वाटलं. डोक्यावर पंखा फिरत होता. तो मी पाहिला, पण दोन गोष्टी जोडल्या नाहीत. त्याच वेळी खांब वाजला. घड्याळात दोन वीस झाले होते. माझ्या तक्त्यात अगदी बरोबर बसणारी वेळ.

मी कुदळीचा दांडा उचलला आणि सगळ्यांच्या आधी पोचलो.

हौदापाशी वाकलेला माणूस माझ्याकडे वळला आणि त्यानं हात वर केला. मी त्या हातावर मारलं. मनगटाजवळ हाड मोडल्याचा आवाज दांड्यातून माझ्या तळव्यात आला. तो पंच्याच्या आतून काहीतरी ओरडला. मी दुसरा फटका गुडघ्यावर घातला. तोवर बाकीचे आले. हॉकी स्टिक, पडद्याचा दांडा, सायकलची चेन. लीलाधरभाऊंनी खाली पडलेल्याच्या बरगडीत दोनदा लाथ घातली. "शेवंताबाईला मारतो? हां? शेवंताबाईला?" कोणीतरी हौदाच्या कडेची वीट घेऊन त्याच्या जबड्यावर आणली.

आई ताकाचा तांब्या घेऊन मागच्या दारात आली तेव्हा तिला फक्त ओणवलेल्या पाठी दिसल्या. मग ताटी दिसली. ती खान्देशीतच ओरडली, "मारू नका रे! आपला सत्तार शे तो! सत्तार शे!"

सगळीकडे कूलर घरघरत होते. तिनं तांब्या लीलाधरभाऊंच्या पाठीवर फेकला, तेव्हा ते थांबले. मी पंचा ओढला. खालचा जबडा एका बाजूला गेला होता आणि दात पंच्याला चिकटून आले. डोळा माझ्यावर होता. त्यानं मला ओळखलं.

रिक्षातून त्याला सिव्हिलला नेलं. आई सोबत गेली. वडील दीपनगरला, वीज केंद्रातल्या ड्युटीवर होते. मी मागच्या अंगणात बसलो. थोड्या वेळानं लीलाधरभाऊ तीन-चार जणांना घेऊन आले. शर्टाला ताक वाळलं होतं.

"कौतिक," ते हळू आवाजात म्हणाले, "पोलिस येतायत. तो तर काही बोलू शकत नाही. बोळात सापडला, तोंड झाकलेलं, जवळ पेचकस. सहावी चोरी करताना धरला. शेवंताबाईंचंही त्याच्यावरच जाईल."

"आईनं बोलावलं होतं त्याला."

"ते कोणाला माहीत? तुझा कूलर उघडा आहे, तेवढंच. तिसरी ताटी बसव आणि चालू कर. चालू कूलर दिसला की प्रश्न मिटला."

"आणि आई?"

"आईला समजावू. नाव सत्तार आहे, पोलिसांना पटायला वेळ लागणार नाही." मग ते थोडं हसले. "पहिला फटका कोणाचा, ते दहा जणांनी पाहिलंय, शास्त्रज्ञ. मी तुझ्यासाठीच सांगतोय."

त्यांच्यातला एक हौदावरून ताटी घेऊन आला. ती भिजली होती. खालच्या कोपऱ्यात वाळा लाल होता. तो ती कूलरच्या उघड्या बाजूला लावू लागला. त्याला खाच सापडत नव्हती. सत्तार आधी वरची कड बसवायचा.

मी सांगितलं नाही. उठलो आणि बसवलेल्या दोन्ही ताट्या ओढून काढल्या. ताटीवाल्यानं मला ढकललं. मी त्याची ताटी धरली आणि सोडली नाही. लीलाधरभाऊंनी काठी माझ्या खांद्यावर घातली. "मूर्खा, तुलाच आत टाकतील!" दुसरी कानशिलावर बसली. मी कूलरच्या पत्र्यावर पडलो आणि पत्र्याची धार कोपरापासून मनगटापर्यंत उतरली. तिन्ही ताट्या मी छातीखाली घेतल्या. पाठीवर काठ्या पडत होत्या, मी त्या मोजत होतो. सातनंतर मोजता आल्या नाहीत.

जीपचा आवाज कोणालाच आला नाही. हवालदार दारात उभे राहिले तेव्हा लीलाधरभाऊंची काठी वरच होती.

"हा पण चोर का?" हवालदारांनी विचारलं.

ते जवळ आले, उघड्या कूलरमध्ये वाकून पाहिलं, पंपाजवळ पडलेला सत्तारचा पाना उचलला.

"एवढ्या उन्हात कूलर बंद?"

"सत्तार दुरुस्त करत होता," मी म्हणालो. तोंडात रक्त होतं, म्हणून थुंकून परत सांगितलं. "आईनं बोलावलं होतं. तिसरी ताटी भिजवायला तो हौदावर गेला. मी त्याला मारलं. पहिला फटका माझा. दांडा तिथे पडलाय."

लीलाधरभाऊ काही बोलणार होते. हवालदारांनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला आणि वही काढली.

"वेळ?"

"दोन वीस," मी म्हणालो.